वाऱ्यावरचं नॅट : जव्हार-मोखाड्याच्या कड्यांवर लढाऊ विमानांची मॉडेलं

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याहून पूर्वेकडे सरळ रेघ ओढली, तर साठ-सत्तर किलोमीटरवर ओझरचा विमान कारखाना लागतो. १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं तो मिग-२१ बांधण्यासाठी उभारला. पुढच्या साठ वर्षांत मिग-२१ची निरनिराळी रूपं, मिग-२७ आणि २००४पासून सुखोई-३०एमकेआय अशी विमानं तिथं तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ला त्याच धावपट्टीवरून नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. पोशेऱ्याच्या पश्चिमेला जव्हार आहे. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते. फ्लाइट लेफ्टनंट हा त्यांचा हुद्दा. पुढे ते लोकसभेवरही निवडून गेले. जयविलास राजवाडा पाहायला येणाऱ्या पर्यटकांना मुकणे घराण्याचा चौदाव्या शतकापासूनचा इतिहास ऐकवला जातो. राजा वैमानिकांच्या दलात होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

म्हणजे लढाऊ विमान या डोंगरपट्ट्याला परकं नाही. एका बाजूला त्याचा कारखाना आहे, दुसऱ्या बाजूला हवाई दलात गेलेला राजा. मधल्या मुलखात मात्र विमान दिसतं ते आकाशातल्या ठिपक्याएवढं. रेडिओवर चालणाऱ्या, मूळ विमानाच्या प्रमाणात बांधलेल्या मॉडेलांचा छंद हे अंतर कमी करू शकतो. तो आपल्याकडे आजवर कसा रुजला, कुठे अडला आणि जव्हार-मोखाड्यासारख्या भागात त्याला कोणती वाट मोकळी आहे, हे इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. या भागात धावपट्टी, पेट्रोल इंजिन आणि परदेशी किट यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. इथली खरी संपत्ती डोंगराची कड आणि तिच्यावर चढणारा वारा ही आहे.

स्केल मॉडेल म्हणजे मूळ विमानाची मापं एका ठरावीक प्रमाणात कमी करून बांधलेलं विमान. पंखांचा कोन, धडाचा फुगवटा, शेपटीची उंची, पत्र्यांचे जोड, रंग, पथकाचं चिन्ह, सगळं मुळाशी जुळलं पाहिजे. जागतिक स्पर्धांमध्ये या मॉडेलांचं परीक्षण दोनदा होतं. आधी जमिनीवर, मूळ विमानाचे फोटो आणि आराखडे शेजारी ठेवून, आणि मग हवेत. हवेतही नुसतं उडून भागत नाही, मूळ विमान जसं वळायचं तसं मॉडेल वळलं पाहिजे.

अडचण अशी, की विमान लहान करता येतं, हवा लहान करता येत नाही. नॅट या छोट्या लढाऊ विमानाचं उदाहरण घेऊ. त्याच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर, लांबी पावणेनऊ मीटर आणि भरलेलं वजन साधारण चार टन. एकास सहा प्रमाणात मॉडेल केलं की विस्तार ११२ सेंटिमीटर होतो. पंखांचं क्षेत्रफळ मात्र छत्तिसावा हिस्सा उरतं, म्हणजे सुमारे ३५ चौरस डेसिमीटर. वजनही त्याच न्यायानं कमी करायचं तर दोनशे सोळानं भागावं लागतं आणि उत्तर येतं साडेअठरा किलो. एवढं वजन एवढ्याशा पंखांवर लादलं तर ताशी सव्वाशे किलोमीटरच्या खाली ते हवेत तरणार नाही. हातानं फेकणं दूरच, उतरवणंही अशक्य. तेच मॉडेल दीड किलोत बसवलं तर ताशी पस्तीस-चाळीसच्या वेगातही ते शांतपणे तरंगतं. त्यामुळे या छंदातलं निम्मं कौशल्य वजन काढून टाकण्यात असतं. शेपटीकडचा प्रत्येक ग्रॅम तोल साधण्यासाठी नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं मागतो. जाणता मॉडेलकार म्हणूनच शेपटी आधी घासून हलकी करतो आणि रंगाचा विचार नंतर करतो.

रेडिओनं मॉडेल उडवण्याचा इतिहास आणि युद्ध यांचं नातं पहिल्यापासून गुंतागुंतीचं आहे. १९३५मध्ये ब्रिटिशांनी टायगर मॉथवरून क्वीन बी नावाचं वैमानिकाविना उडणारं विमान केलं. तोफखान्याच्या सरावासाठी ते निशाण म्हणून वापरलं जाई. दोन वर्षांनी अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 'गफ' हे आपलं मॉडेल राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओवर उडवून दाखवलं. त्याच काळात रेजिनाल्ड डेनी या हॉलिवूडच्या नटानं मॉडेल विमानांच्या दुकानातून सुरुवात करून रेडिओप्लेन कंपनी काढली आणि तिची हजारो निशाण-विमानं अमेरिकी सैन्यानं विकत घेतली. मेरिलिन मन्रो होण्याआधीची नॉर्मा जीन तिथंच कामाला होती. आपल्याकडेही बेंगळुरूच्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटनं बनवलेलं लक्ष्य हे निशाण-विमान याच घराण्यातलं. छंदातून शस्त्र निघालं, आणि पुढे शस्त्राच्या तंत्रातून छंद स्वस्त झाला.

स्वस्ताई आली ती टप्प्याटप्प्यानं. साठच्या दशकात प्रपोर्शनल कंट्रोल आला, म्हणजे ट्रान्समीटरची काडी जितकी हलवावी तितकंच पंखाचं पातं हलायला लागलं. त्याआधी पातं एक तर पूर्ण वळायचं, नाही तर वळायचंच नाही. मग कित्येक वर्षं फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलचं राज्य होतं. दोघांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समीटर सुरू केला की एकाचं विमान जमिनीत घुसायचं. २००५च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि ही भीती गेली. भारतानंही त्याच वर्षी या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. ब्रशलेस मोटर, लायपो बॅटरी आणि पातं हलवणारा नऊ ग्रॅमचा सर्व्हो या तीन वस्तूंनी उरलेलं काम केलं.

महाराष्ट्रात हा छंद मुलांपर्यंत पोचवण्याचं मोठं श्रेय एनसीसीच्या हवाई शाखेला जातं. मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या तिच्या पथकांत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि वायु सैनिक शिबिरात त्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. बाल्साच्या काड्या, जपानी टिश्यू, मिथेनॉल आणि एरंडेल तेलावर चालणारं छोटं इंजिन, दोन तारांच्या टोकाला गोल फिरणारं कंट्रोल लाइन विमान, हे सगळं अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते एनसीसीच्या मैदानावर. पुण्यात सदानंद काळे यांच्या एरोमॉडेलिंगच्या प्रात्यक्षिकांनी शाळकरी मुलांना हे जग जवळून दाखवलं. आयआयटी मुंबई आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांमधल्या स्पर्धांनी त्याला गणिताची जोड दिली.

पण गेल्या पंधरा वर्षांत चार पंख्यांच्या ड्रोननं हे सगळं मागे सारलं. २००९च्या 'थ्री इडियट्स'मधलं ड्रोन आयआयटी मुंबईतून निघालेल्या आयडियाफोर्जच्या मंडळींनी बनवलं होतं, आणि त्या चित्रपटानंतर मुलांच्या डोळ्यांत ड्रोन भरलं ते भरलंच. त्याला रोजगाराची वाट आहे, शेतीत आणि मोजणीत उपयोग आहे, हे मी मान्य करतो. तरीही संगणकानं तोलून धरलेलं ड्रोन मुलाला हवेबद्दल फार थोडं शिकवतं. पंखाचं विमान चुकीच्या तोलाला लगेच शिक्षा करतं, आणि स्केल विमान तर इतिहासाचा गृहपाठही मागतं. नॅट बांधणाऱ्या मुलाला ते उडवणारे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों कोण, १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर काय घडलं, हे शोधावंच लागतं. ते कळल्याशिवाय शेपटीवर कोणता क्रमांक लिहायचा हे त्याला ठरवता येत नाही.

कोणतं विमान बांधावं हा या छंदातला सर्वांत गोड वाद. बाजारातली किटं पाहिली तर स्पिटफायर, मस्टँग, झीरो, मेसरश्मिट यांचीच गर्दी. स्पिटफायरच्या सौंदर्याबद्दल दुमत नाही, आणि रॉयल इंडियन एअर फोर्सनंही ते उडवलं आहे. पण मॉडेल म्हणून ते नवशिक्याला फसवतं. त्याची चाकं एकमेकांच्या फार जवळ आहेत, त्यामुळे खडबडीत जमिनीवर ते कलंडतं किंवा नाकावर पडतं. पंखाची टोकं निमुळती असल्यामुळे वेग कमी झाला की एक पंख अचानक खाली जातो. महायुद्धातलंच विमान हवं असेल तर हरिकेन घ्यावं. त्याचा पंख जाड, चाकं एकमेकांपासून लांब. शिवाय १९४४मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या स्क्वाड्रननं हरिकेनच उडवली होती. रंगवताना मात्र लक्ष ठेवावं. आग्नेय आशियातल्या दोस्त विमानांच्या गोल चिन्हातला लाल ठिपका काढून टाकलेला होता, कारण जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी त्याची गल्लत होऊन आपल्याच लोकांकडून गोळ्या झाडल्या जाण्याची भीती होती. परदेशी किटातल्या लाल ठिपक्याचं स्टिकर चिकटवलेलं 'भारतीय' हरिकेन मी पाहतो तेव्हा मला वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतरचा ताफा तर मॉडेलकारासाठी खजिना आहे. १९४७-४८च्या काश्मीर मोहिमेत लढलेलं टेंपेस्ट, पहिलं जेट व्हॅम्पायर, तुफानी, मिस्टेअर, हंटर, नॅट. नौदलाचं सी हॉक, जे डिसेंबर १९७१मध्ये विक्रांत या विमानवाहू नौकेवरून कॉक्स बाजारवर गेलं. आणि आपल्या देशात घडलेलं एचएफ-२४ मारुत. जर्मनीच्या कुर्ट टँक यांनी बेंगळुरूत त्याची रचना केली. १७ जून १९६१ला ते पहिल्यांदा उडालं आणि सारी मिळून १४७ बांधली गेली. शक्तिशाली इंजिन कधीच मिळालं नाही, म्हणून ते मागे पडलं. रूपानं मात्र ते कुठल्याही समकालीन विमानापेक्षा उणं नव्हतं. लांब निमुळतं धड, मागे झुकलेले पंख, दोन्ही बाजूंना हवेची अर्धगोल तोंडं. असं विमान आकाशात पुन्हा दिसावं, ही इच्छा मॉडेलकारच पुरी करू शकतो.

आणि इथेच पोशेऱ्याच्या परिसराचा विषय येतो. हा सगळा भाग डोंगरउतारांचा आहे. भाताची खाचरं बांधांनी चिरलेली आहेत आणि उतारावर नागली-वरईची वरकस शेतं. शंभर मीटरची सपाट, मऊ, मोकळी पट्टी मिळणं कठीण, आणि मिळाली तरी तिच्यावर कुणाचं तरी पोट असतं. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. या उंचीवर आणि एप्रिलच्या पस्तीस अंश तापमानात हवा समुद्रकाठच्या थंड दिवसापेक्षा दहा-अकरा टक्के विरळ होते. पंखा कमी ओढतो, पंख कमी उचलतो, उतरण्याचा वेग वाढतो. धावपट्टीवरून उडणाऱ्या जड मॉडेलांसाठी ही जागा सर्व बाजूंनी गैरसोयीची आहे.

पण जगात या छंदाची एक शाखा अशी आहे, की तिला हाच भूगोल हवा असतो. ब्रिटनमध्ये तिला पॉवर स्केल सोअरिंग म्हणतात. मूळ विमान इंजिनाचं, मॉडेल मात्र बिनइंजिनाचं. वारा डोंगराच्या तोंडावर आदळतो, वर चढतो, आणि त्या चढत्या हवेवर जेटचं मॉडेल तासन्‌तास उडतं. वेल्सच्या किनाऱ्यावरचा ग्रेट ऑर्म हा कडा अशा उड्डाणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथं व्हल्कन, हंटर, कॅनबेरा अशी विमानं आवाज न करता कड्यासमोरून झेपावत जातात. जेट विमानाला पुढे पंखा नसतो, त्यामुळे मोटर काढून टाकली तरी रूपात काहीच उणं पडत नाही. उलट इलेक्ट्रिक पंखा लपवण्यासाठी हवेची तोंडं मोठी करण्याचा खोटेपणा टळतो. आपल्याकडे कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग करणारे लोक याच चढत्या हवेवर तरंगत असतात. जी हवा माणसाला उचलते, ती दीड किलोचं नॅट सहज उचलेल.

वाऱ्याचं वेळापत्रक मात्र पाठ करावं लागतं. हिवाळ्यातल्या सकाळी वारा मंद असतो आणि बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो. तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेली कड शोधावी आणि हलकं फोमचं ग्लायडर उडवावं. फेब्रुवारीनंतर दुपारी समुद्राकडचा वारा घाटापर्यंत पोचू लागतो आणि पश्चिमेकडच्या कडा जाग्या होतात. जेटच्या मॉडेलाला ताशी तीसेक किलोमीटरचा, सलग, कडेला काटकोनात येणारा वारा हवा. पावसाळ्यात वारा भरपूर, पण धुकं आणि झड इतकी, की जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत बांधकामच करावं. चढती हवा कुठे आहे हे सांगायला घार असतेच. ती पंख न हलवता जिथे वर जाते, तिथेच मॉडेल सोडावं. फक्त तिच्या अंगावर जाऊ नये.

सर्वांत अवघड भाग उतरण्याचा. कडेच्या लगेच मागे वारा उलटा गुंडाळतो. त्या भोवऱ्यात मॉडेल सापडलं की उचललेल्या हातातून खाली टाकल्यासारखं पडतं. म्हणून कडा निवडताना समोरच्या दरीपेक्षा मागची जमीन आधी पाहावी. माथा गोलाकार असेल, मागे गवताचा उतार असेल, तर भोवरा सौम्य राहतो. धारदार तुटलेला कडा दिसायला देखणा, पण नवशिक्याचं मॉडेल तिथं एका दिवसात संपतं.

याच कारणासाठी पहिलं विमान सरळ पंखाचं असावं. सी हॉक किंवा व्हॅम्पायर. एकास दहा प्रमाणात सी हॉकचा विस्तार जवळजवळ १२० सेंटिमीटर होतो, पंख पुरेसा रुंद मिळतो आणि चूक केली तरी सावरायला वेळ मिळतो. त्यावर हात बसल्यावर मागे झुकलेल्या पंखांचं हंटर, मग नॅट, मग मारुत. ओझरचं मिग-२१ इथल्या माणसाला सर्वांत जवळचं. १९६३मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला निरोप घेऊन निवृत्त झालं, त्यामुळे ते बांधावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्याचा त्रिकोणी पंख विस्तारानं तोकडा, आणि हळू उडताना तो प्रचंड रोध निर्माण करतो. बिनइंजिनाचं मिग-२१ जोरदार वाऱ्यावर आणि पक्क्या हातातच चालतं.

सामानाचं काय? बाल्सा दक्षिण अमेरिकेतून येतो आणि महाग पडतो. डेप्रॉन हा पातळ फोमही सहज मिळत नाही. पण तालुक्याच्या गावात फ्लेक्स छापणाऱ्याकडे सनबोर्ड आणि सनपॅक असतं. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतला थर्माकोल भंगारात मिळतो. बॅटरीवर तापवलेल्या तारेनं तो कापता येतो, आणि पंखाच्या दोन टोकांना प्लायचे साचे लावले की तार त्यांच्यावरून सरकवून हवा तो छेद निघतो. पंखाला कणा म्हणून बांबूची कामटी, वर आणि खाली एकेक. कार्बनच्या नळीपेक्षा ती थोडी जड, पण ताण चांगला घेते, आणि या भागात बांबू सोलून एकसारखी कामटी काढणारे हात गावोगाव आहेत. थर्माकोलवर पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं तपकिरी कागद चढवला की पृष्ठभाग कडक होतो. रंग पाण्यातलाच घ्यावा, कारण स्प्रेच्या डब्यातला सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतो. नाकातल्या वजनासाठी मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं उत्तम. ती पालघरच्या किनाऱ्यावर कुठल्याही कोळीवाड्याच्या बाजारात मिळतात. बाहेरून मागवायला उरतात ते ट्रान्समीटर, रिसीव्हर, दोन-तीन सर्व्हो आणि छोटी बॅटरी. मोटर नाही, म्हणून मोठी बॅटरी नाही, चार्जिंगसाठी विजेची फारशी चिंता नाही.

धडासाठी मला एक गोष्ट फार दिवस खुणावते आहे. जव्हार-मोखाड्यात बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे कागदाच्या लगद्यातूनही घडवले जातात. साच्यावर थर चढवायचे, वाळवायचे, घासायचे, रंगवायचे. लढाऊ विमानाच्या फुगीर धडासाठी मॉडेलकार हेच करतात, फक्त कागदाऐवजी काचेचं कापड आणि राळ वापरतात. काचेच्या कापडाची धूळ छातीत जाते, राळेचा वास बंद खोलीत सोसत नाही. मुखवटे करणाऱ्या कारागिराला थर्माकोलच्या साच्यावर कागदाचे पातळ थर देऊन मारुतचं धड करायला सांगितलं तर ते पावसाळी हवेत किती टिकेल, वजन किती भरेल, हे करूनच पाहावं लागेल. माझा अंदाज आहे की वॉर्निशचे दोन हात दिले तर हिवाळा-उन्हाळा ते सहज काढेल. या मुलखात हस्तकलेचं कसब आधीपासून आहे. ते विमानाकडे वळवण्यासाठी कुणी बोलावलेलं नाही, एवढंच.

आता कायदा. ड्रोन नियम, २०२१ हे मॉडेल विमानांनाही लागू आहेत, आणि मोटर नाही म्हणून आपण त्यांच्या बाहेर आहोत असं समजू नये. या नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलांची वेगळी व्याख्या आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही. अडीचशे ग्रॅम ते दोन किलो हा मायक्रो गट. बिगरव्यावसायिक वापरासाठी त्या गटात पायलटच्या प्रमाणपत्राची गरज नाही. वर दिलेलं दीड किलोचं नॅट यातच बसतं, आणि वजन कमी ठेवण्याचं हे आणखी एक कारण. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे पाहावं. तिथं उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. विमानतळ, लष्करी ठाणी, महत्त्वाची प्रतिष्ठानं यांच्याभोवती लाल-पिवळे पट्टे असतात. नाशिकच्या बाजूला ओझर आणि देवळालीचा तोफखाना आहे, मोखाडा तालुक्यातच मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण आहे. धरणाच्या भिंतीच्या आसपास मॉडेल नेऊच नये. मुंबईत पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरची छोटी विमानं बंद ठेवतात. तसे आदेश जिल्ह्यातही निघू शकतात, म्हणून दर वेळी चौकशी करावी.

कागदावरच्या परवानगीइतकीच गावाची परवानगी महत्त्वाची. मोखाडा अनुसूचित क्षेत्रात आहे, ग्रामसभेला इथे खरं वजन आहे, आणि बऱ्याचशा कडा वनविभागाच्या हद्दीत येतात. शहरातून गाडी घेऊन यायचं, कुणाच्या तरी वरकसात उभं राहायचं आणि विमान उडवून निघून जायचं, हे मला पटत नाही. पोलीस पाटलाला आणि सरपंचांना आधी सांगावं. कड्याखाली गुराखी, गुरं, वाट, वस्ती असेल तर ती जागा सोडावी. दीड किलोचं मॉडेल सुसाट खाली आलं तर माणसाचं डोकं फुटू शकतं. मार्च ते मे गवत काडीसारखं पेटतं, त्यामुळे रॉकेल जाळणारी टर्बाइन इंजिनं या डोंगरांवर आणूच नयेत. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी नव्वदीच्या आसपास घरगुती यंत्रांवर अशी इंजिनं बनवून दाखवली, तेव्हापासून जेट मॉडेलांचं जग बदललं. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारं ते यंत्र खरोखर अचाट आहे. पण त्याची जागा कोरड्या, मोकळ्या, अग्निशमनाची सोय असलेल्या धावपट्टीवर.

या तालुक्याबद्दल लिहिताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, मुलं त्यांच्याबरोबर जातात किंवा आश्रमशाळेत राहतात. उड्डाणाचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. अशा ठिकाणी छंदाची भाषा बोलणं काहींना अप्रस्तुत वाटेल. मला तसं वाटत नाही. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी मुलांना कबड्डी आणि चित्रकला पुरे, विमानशास्त्र शहरातल्या मुलांसाठी, असं धरून चालणं हाच खरा अन्याय आहे. आश्रमशाळेत तारेनं कापलेला पंख, बांबूचा कणा आणि हातानं फेकायचं साधं ग्लायडर यापासून सुरुवात करता येते. त्याला रेडिओसुद्धा लागत नाही. गुरुत्वमध्य पुढे-मागे करून काय होतं, हे आठवीतला मुलगा एका दुपारी शिकतो. तिथून पुढच्या वर्षी एका शाळेत एक ट्रान्समीटर आला, की सी हॉक दूर नाही. जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयानं किंवा एनसीसीच्या एखाद्या हवाई पथकानं वर्षातून एक शिबिर इथे घेतलं, तर मुलांना कडाही मिळेल आणि शिकवणाराही.

राहिला प्रश्न आराखड्यांचा, आणि सर्वांत मोठी उणीव तिथंच आहे. स्पिटफायरचे आराखडे ढिगानं मिळतात. मारुतचे नीट मोजलेले, छेदांसह, मराठी टिपणांसह आराखडे एखाद्या शाळेच्या हाती पडतील अशी सोय नाही. हे काम करायला परदेशी जायला नको. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत उभं आहे. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आहे. निवृत्त मिग-२१ ठिकठिकाणी चौथऱ्यांवर आहेत. परवानगी काढून, टेप, ओळंबा आणि कॅमेरा घेऊन एक गट गेला, तर दोन दिवसांत धडाचे दहा-बारा छेद मोजून होतात. बाजूनं काढलेला फोटो फसवतो, कारण भिंगामुळे टोकं आखूड दिसतात. म्हणून दर मीटरला ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करायच्या आणि खालून वरचं अंतर मोजायचं. चाकांच्या खाचा, कॅनॉपीची चौकट, गन-पोर्टची जागा यांचे फोटो मापपट्टी धरूनच काढायचे. मग एकास आठ प्रमाणात, ११२५ मिलिमीटर विस्ताराचं मारुत कागदावर उतरवायचं. त्याची लांबी जवळपास दोन मीटर भरते, तेव्हा धड मधोमध जोडता येईल असं दोन भागांत काढावं, म्हणजे ते एसटीच्या मागच्या बाकावर मावेल.